स्पर्शाची रोजकीर्द

(बी. कॉम., भाग २)

मोबाईल ही वस्तू आता कुणाला नवलाची राहिलेली नाही. काचेवर बोट टेकवावे आणि काम व्हावे, इतके हे सरळ वाटते. परंतु ज्यांनी एखादे लहानसे ॲप लिहून पाहिले आहे त्यांना ठाऊक असते की, बोट टेकणे आणि काम होणे या दोहोंमध्ये मोठा कारभार चालतो, आणि त्या कारभारातली सर्वांत कटकटीची बाब कोणती असेल तर ती वेळेची. बोट केव्हा टेकले, केव्हा उचलले, ॲपला ते केव्हा कळले आणि ॲपने त्याचा अर्थ केव्हा लावला, या चारही वेळा वेगवेगळ्या असतात. त्यांची गल्लत झाली की कधी पडदा अडखळतो, कधी भलतेच पान उघडते, आणि कधी एकाच बिलाचे पैसे दोनदा जातात.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने या भानगडीत का पडावे, असे कुणी विचारील. व्यवहाराची तारीख एक, रोजकीर्दीत नोंद झाल्याची दुसरी आणि खतावणी केल्याची तिसरी, हे आपल्याला हिशेबशास्त्राच्या पहिल्या धड्यापासून शिकवतात. फोनमधील स्पर्शाचे तंत्र समजून घ्यायला ही तयारी पुरेशी आहे. संगणकशास्त्राच्या मित्रांनी रागावू नये.

आधी काचेखाली काय घडते ते पाहू. आजच्या फोनच्या काचेखाली विद्युतवाहक पदार्थाच्या अतिशय पातळ, पारदर्शक रेषांची आडवी-उभी जाळी असते. माणसाचे शरीर वीजवाहक असल्यामुळे बोट जवळ आले की तेथील विद्युतधारिता बदलते. एक छोटी चिप ही जाळी सतत तपासत असते आणि कोठे बदल झाला ते शोधते. हात ओले असले की फोन वेड्यासारखा वागतो त्याचे कारण हेच, पाण्याचा थेंबही जाळीचा हिशेब बिघडवतो. आता 'सतत' हा शब्द येथे सैलपणे वापरला आहे. वास्तविक ती चिप रात्रीच्या गुरख्यासारखी फेऱ्या मारते. फोनफोनानुसार या फेऱ्या सेकंदाला ६०, १२० किंवा २४० असतात. सेकंदाला १२० फेऱ्या धरल्या तर दोन फेऱ्यांत साधारण ८ मिलिसेकंदांचे अंतर पडते. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. गुरखा नुकताच पुढे गेला आणि तुमचे बोट टेकले, तर त्याला ते पुढच्या फेरीतच दिसणार.

पडद्याचेही असेच आहे. साधा पडदा सेकंदाला ६० वेळा नवे चित्र दाखवतो, म्हणजे प्रत्येक चित्राला १६.६७ मिलिसेकंद मिळतात. १२० वेळा दाखवणाऱ्याला त्याच्या निम्मे. स्पर्श शोधणे, तो ॲपकडे पोचवणे, ॲपने चित्र तयार करणे आणि ते पडद्यावर येणे, ही सगळी बेरीज जुन्या फोनमध्ये सहज १०० मिलिसेकंदांवर जाई. जेकब नील्सन यांनी १९९३ च्या आपल्या ग्रंथात दशांश सेकंद ही मर्यादा सांगितली होती, एवढ्यात उत्तर आले तर माणसाला ते तत्काळ वाटते. बटणाच्या बाबतीत हे ठीक आहे. पण एखादी वस्तू बोटाने ओढायची असेल तर हिशेब करून पाहा. बोट सेकंदाला १० सेंटिमीटर सरकत असेल, तर दशांश सेकंदात ते १ सेंटिमीटर पुढे गेलेले असते आणि ओढलेली वस्तू तेवढी मागे लोंबकळत येते. २०१२ साली मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागाने हा उशीर १०० पासून १ मिलिसेकंदापर्यंत कमी करत नेऊन दाखवला होता. वस्तू खरोखर बोटाला चिकटल्यासारखी वाटायला उशीर किती लहान असावा लागतो, हे त्यात डोळ्यांना दिसते. त्याच वर्षी अँड्रॉइडच्या ४.१ आवृत्तीत स्पर्श आणि चित्र यांची लय जुळवण्याचे मोठे काम झाले, त्याला 'प्रोजेक्ट बटर' असे चवदार नाव होते.

आता नोंदीकडे वळू. बोट टेकले की फोनची यंत्रणा ॲपला 'डाउन' अशी नोंद पाठवते. बोट सरकत असेल तोवर 'मूव्ह', आणि उचलले की 'अप'. चौथी नोंद 'कॅन्सल' ही असते, आणि नवशिके नेमके तिलाच विसरतात. समजा, तुम्ही यादीतल्या एका बटणावर बोट ठेवले आणि मग यादी वर सरकवली. सुरुवातीला स्पर्श बटणाचा होता. बोट सरकल्यावर यादीने तो आपल्या ताब्यात घेतला. बटणाला 'अप' कधीच मिळत नाही, 'कॅन्सल' मिळते. ते ज्याने हाताळले नाही त्याच्या ॲपमध्ये बटण दाबलेल्या रंगातच अडकून राहते. चेक रद्द केला पण प्रतिपत्रावर तसे लिहिले नाही, त्यातलाच प्रकार.

प्रत्येक नोंदीवर वेळेचा शिक्का असतो. हा शिक्का घटना घडली तेव्हाचा असतो, ॲपला ती मिळाली तेव्हाचा नसतो. दोहोंत फरक पडतो, कारण ॲप दुसऱ्या कामात गुंतलेले असेल तर नोंदी रांगेत थांबतात आणि मग एकदम हाती येतात. समजा, बोट ८ मिलिसेकंदांत ३ मिलिमीटर सरकले. वेग झाला सेकंदाला साडेसदतीस सेंटिमीटर. पण ॲप अडकले होते, म्हणून दोन्ही नोंदी त्याला १ मिलिसेकंदाच्या अंतराने मिळाल्या. ॲप लिहिणाऱ्याने शिक्का न पाहता स्वतःच्या घड्याळात पाहून भागाकार केला, तर वेग येतो सेकंदाला ३०० सेंटिमीटर, म्हणजे आठपट. यादी हलकेच सरकवावी आणि ती सुसाट तळाला जावी, हा अनुभव पुष्कळांना असेल. त्यामागे असा एखादा भागाकार असू शकतो. रविवार पेठेतल्या कुठल्याही दिवाणजीला विचारा, पावतीवरची तारीख सोडून कीर्द लिहायला बसल्याची तारीख कोणी टाकत नाही.

या शिक्क्याचे घड्याळही वेगळे असते. अँड्रॉइडमध्ये ते फोन सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद मोजते, आणि फोन गाढ झोपेत असतानाचा काळ त्यात धरत नाही. भिंतीवरच्या घड्याळाशी त्याचा संबंध ठेवलेला नाही, कारण ते घड्याळ नेटवर्कवरून मागेपुढे केले जाते. घड्याळ मध्येच मागे गेले तर 'अप' हे 'डाउन'च्या आधी घडल्याचे दिसेल आणि सगळाच गोंधळ.

आणखी एक बारकावा. चिपच्या फेऱ्या २४० आणि पडद्याची चित्रे ६० असतील, तर एका चित्रामागे चार स्पर्शबिंदू जमा होतात. अँड्रॉइड ते वेगवेगळे न पाठवता एकाच नोंदीत गुंडाळून देते. शेवटचा बिंदू वर आणि आधीचे 'इतिहास' म्हणून आत. ॲपने इतिहास वाचलाच नाही, तर चारातले तीन बिंदू वाया जातात. यादी सरकवताना याचे काही बिघडत नाही. पण सामान घरपोच देणारा मुलगा फोन पुढे करून बोटाने सही करायला सांगतो तेव्हा आपली वळणदार सही काटकोनी का दिसते, याचे एक कारण येथे सापडेल. बँकेत अशी सही चालायची नाही.

येथवर जे सांगितले ते यंत्राच्या उशिराबद्दल. यंत्र वेगवान केले की तो घटतो. दुसऱ्या प्रकारचा उशीर मात्र कितीही महाग फोन घेतला तरी जात नाही, कारण तो अर्थाचा उशीर आहे. बोट टेकले. हा साधा स्पर्श आहे की दुहेरी स्पर्शातला पहिला? दाबून धरायचे आहे की सरकवायचे आहे? टेकल्याच्या क्षणी कोणालाच सांगता येत नाही, वापरणाऱ्याच्या मनाखेरीज. यंत्राला थांबूनच पाहावे लागते. किती थांबायचे हे आकडे कोणीतरी ठरवलेले असतात. अँड्रॉइडमध्ये दुहेरी स्पर्शासाठी ३०० मिलिसेकंद. सरकणाऱ्या यादीतले बटण दाबल्याचा रंग दाखवण्याआधी १०० मिलिसेकंद, कारण तोवर कदाचित यादीच सरकायची असेल. बोट थोडे हलले तरी तो साधा स्पर्शच धरायचा, त्या थोडक्या हालचालीलाही ठरीव मर्यादा आहे.

अशा एका आकड्याची हकीगत सांगण्यासारखी आहे. २००७ साली पहिला आयफोन आला तेव्हा इंटरनेटवरची पाने टेबलावरच्या संगणकासाठी, रुंद पडद्यासाठी लिहिलेली होती. चिमुकल्या पडद्यावर ती मुंगीच्या अक्षरात दिसत. म्हणून ॲपलच्या सफारी ब्राउझरमध्ये सोय केली, दोनदा टकटक केले की तो मजकूर मोठा व्हावा. सोय उत्तम होती. पण तिची किंमत अशी की, एकदा बोट टेकवले तरी ब्राउझर सुमारे ३०० मिलिसेकंद वाट पाहणार, दुसरे टकटक येते की काय म्हणून. इतर मोबाईल ब्राउझरांनीही तीच रीत उचलली. परिणामी पुढे जी पाने खास मोबाईलसाठीच लिहिली गेली, जेथे मजकूर मोठा करण्याची गरजच नव्हती, त्यांनाही प्रत्येक स्पर्शामागे हा दंड भरावा लागे. मोबाईलवरच्या वेबसाइट ॲपच्या मानाने मंद वाटतात, अशी जी तक्रार वर्षानुवर्षे होती तिच्यात या तीनशेचा मोठा हात होता.

लोकांनी पळवाटा काढल्या. लंडनच्या 'फायनान्शियल टाइम्स' या आर्थिक वृत्तपत्राच्या तंत्रविभागाने 'फास्टक्लिक' नावाची छोटी संहिता तयार करून सर्वांना फुकट दिली. (वर्तमानपत्राने हे करावे याचे मला कौतुक वाटते.) युक्ती साधी होती. बोट उचलल्याची नोंद लगेच मिळते, उशीर होतो तो 'क्लिक'च्या नोंदीला. तेव्हा बोट उचलताच आपणच क्लिक घडवून आणायचे आणि ३०० मिलिसेकंदांनी येणारे खरे क्लिक अडवायचे. ज्यांनी पहिला भाग केला आणि दुसरा केला नाही, त्यांच्या पानावर भुताटकी सुरू झाली. तुम्ही जाहिरातीच्या फुलीवर बोट टेकवता. बोट उचलताच जाहिरात नाहीशी होते. आणि तीनशे मिलिसेकंदांनी उरलेले क्लिक त्याच जागी येऊन पडते, जेथे आता खालचे 'खरेदी करा' हे बटण उघडे पडलेले असते. याला 'घोस्ट क्लिक' असेच नाव पडले. वापरणारा शपथेवर सांगतो की मी ते दाबले नाही, आणि तो खरेच बोलत असतो.

खरा उपाय पुढे निघाला तो अधिक शहाणपणाचा. पान स्वतःच जाहीर करत असेल की माझी रुंदी फोनच्या पडद्याएवढीच आहे, तर दुहेरी स्पर्शाची वाट पाहण्यात अर्थ नाही. २०१४ साली अँड्रॉइडवरील क्रोमच्या ३२ व्या आवृत्तीने अशा पानांवरचा उशीर काढून टाकला. आयफोनच्या सफारीत तो २०१६ साली, ९.३ या आवृत्तीपासून गेला. एका सोयीसाठी घातलेला दंड तिचे कारण संपल्यावरही कित्येक वर्षे वसूल होत राहिला. कारकुनी व्यवस्थेत हे नवीन नाही.

आता पैशाचा प्रश्न. ॲपमध्ये पडद्याचे काम पाहणारा धागा एकच असतो. एका खिडकीवर एकच कारकून आहे असे समजा. स्पर्शाच्या नोंदी घेणे आणि चित्र काढणे दोन्ही त्याच्याकडे. त्यालाच जर इंटरनेटवरून काही आणायला पाठवले तर खिडकी रिकामी राहते आणि बाहेर रांग वाढते. अँड्रॉइडमध्ये स्पर्शाच्या नोंदीला ५ सेकंद उत्तर मिळाले नाही, तर 'ॲप प्रतिसाद देत नाही' अशी पाटी येते. पण पाच सेकंदांच्या आत काय होते? पडदा हलत नाही म्हणून माणूस पुन्हा बोट टेकवतो, मग पुन्हा. या सगळ्या नोंदी हरवत नाहीत, रांगेत उभ्या राहतात. कारकून परत आला की एकेक करून निकालात काढतो. 'पैसे द्या' हे बटण तीनदा दाबले गेले असेल तर तीन मागण्या निघू शकतात.

यावर बरेच जण असे औषध देतात की, अर्ध्या सेकंदाच्या आत दुसरा स्पर्श आला तर तो सोडून द्यावा. मला हे औषध अपुरे वाटते. गावाकडे नेटवर्क मंद असते. उत्तराला चार सेकंद लागले तर अधीर माणूस दुसऱ्या सेकंदाला दाबणार, आणि अर्ध्या सेकंदाची राखण केव्हाच संपलेली असणार. पहिली नोंद हातात येताच, दुसरे काही करण्याआधी, बटण बंद करावे हे बरे. तरीही तेवढ्यावर विसंबू नये. उत्तर वाटेत हरवले तर ॲप आपणहून मागणी पुन्हा पाठवते. तेथे बोटाचा काही दोष नसतो. म्हणून प्रत्येक मागणीला पहिल्यांदाच एक क्रमांक द्यायचा आणि पुन्हा पाठवताना तोच ठेवायचा. तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर पलीकडच्या संगणकाने पैसे न कापता पहिलेच उत्तर परत द्यायचे. व्हाउचरला क्रमांक का घालतात, हे ज्याने एकदा हिशेब तपासनिसापुढे बसून पाहिले आहे त्याला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

काम बोट टेकताच करावे की उचलल्यावर, हाही एक वाद आहे. टेकताच केले तर ॲप चपळ वाटते. परंतु उचलल्यावर करण्यात एक माणुसकी आहे: चुकीच्या जागी बोट पडले तर ते न उचलता बाजूला सरकवावे आणि मग उचलावे, म्हणजे काम होत नाही. पुष्कळांना ही सवलत ठाऊकच नसते, करून पाहावी. वेब सर्वांना सुलभ व्हावे म्हणून जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत, त्यांच्या २०१८ च्या आवृत्तीत याविषयी स्वतंत्र कलम घातले गेले. वाद्याच्या ॲपला मात्र हा नियम लावून चालणार नाही. तबल्याच्या ॲपमध्ये 'धा' बोट उचलल्यावर वाजला तर ताल केव्हाच निसटलेला असेल. त्या कलमातही अशा गोष्टींना सूट आहे.

राहता राहिले दाबून धरणे. आयफोनमध्ये त्यासाठी ठरीव वेळ अर्धा सेकंद आहे. अँड्रॉइडमध्ये पूर्वी तेवढीच होती, अलीकडे ती ४०० मिलिसेकंद झाली आहे. आपल्या लिपींना या आकड्याची गरज जास्त. देवनागरी किंवा कन्नड कळफलकावर सगळी अक्षरे एकदम मावत नाहीत, म्हणून काही अक्षरे दाबून धरल्यावरच मिळतात. आणि जलद टंकणाऱ्याला तो अर्धा सेकंदही जड होतो. म्हणजे तरुणांच्या दृष्टीने हा आकडा कमी करावा हेच बरे.

पण घरातली वडीलधारी माणसे फोन कशी वापरतात ते पाहा. टाईपरायटर, दारावरची घंटा, मिक्सरची कळ, आयुष्यभर ज्या ज्या कळा त्यांनी दाबल्या त्या जोर देऊन दाबाव्या लागत. त्यांचे बोट काचेवर टेकते ते ठामपणे टेकते आणि अर्ध्या सेकंदाच्या आत उठत नाही. मग फोटो उघडण्याऐवजी निवडला जातो, ॲप सुरू होण्याऐवजी त्याचे चित्र थरथरत जागेवरून हलते, संदेश वाचायला जावे तर तो पुसायचा का असे विचारले जाते. "आज्जी, दाबून धरू नको, नुसतं टेकव," असे नातवंडे दहादा सांगतात, आणि आज्जीला वाटते की आपल्याला हे जमणार नाही. ज्यांच्या हाताला कंप आहे त्यांचे याच्या उलट. बोट टेकते, किंचित उठते, पुन्हा टेकते, आणि यंत्र ते दुहेरी स्पर्श धरते. किंवा बोट टेकलेल्या जागेवरून ठरीव मर्यादेपलीकडे हलते आणि साधा स्पर्श सरकवणे ठरतो. जमत नाही ते आज्जीला, असे म्हणणे सोपे आहे. वास्तविक कोणीतरी एक आकडा बसवला आणि तो तिच्या बोटाला बसला नाही, एवढेच घडलेले असते.

हे आकडे बदलता येतात. ॲप लिहिणाऱ्याने ४०० किंवा ५०० असा आकडा आपल्या संहितेत ठोकून बसवू नये, यंत्रणेला विचारून घ्यावा; म्हणजे वापरणाऱ्याने फोनमध्ये जो बदल केला असेल तो ॲपलाही लागू होतो. मोबाईल ॲप शिकणाऱ्या आपल्या मित्रांपैकी कितीजण हे पाळतात, हे त्यांनीच पाहावे. वापरणाऱ्याच्या बाजूने काम दोन मिनिटांचे आहे. आयफोनच्या सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी, त्यात 'टच', त्यात 'टच अकोमोडेशन्स' या नावाखाली बोट किती वेळ टेकल्यावर स्पर्श धरायचा आणि किती वेळातले लागोपाठचे स्पर्श एकच समजायचे, हे ठरवता येते. अँड्रॉइडमध्येही सेटिंग्जच्या ॲक्सेसिबिलिटी भागात 'टच अँड होल्ड डिले' अशी ओळ असते. फोनच्या कंपनीनुसार तिची जागा थोडी इकडेतिकडे होते. तिच्यात थोडा, मध्यम आणि लांब असे पर्याय मिळतात, आणि लांब म्हणजे साधारण दीड सेकंद. आज्जीच्या फोनवर तो निवडून द्यावा.